वेतकाकांचा जुना खांदा

सासऱ्यांच्या खुर्चीवर उभं राहून दिवा बदलू नये, हे मला लग्नाच्या वेळी कुणीच सांगितलं नव्हतं. खुर्ची वेताची, बैठक विणलेली, आणि सासरे गावाला गेलेले. मी वर चढलो, दिवा काढला, आणि उजवा पाय बैठकीतून आरपार खाली गेला. गुडघ्यापर्यंत. वर मी, मध्ये खुर्ची, खाली पाय, आणि हातात तो गेलेला दिवा मात्र सुखरूप.

आवाज ऐकून बायको आली. तिनं आधी खुर्चीकडे पाहिलं, मग दिव्याकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. हा क्रम मी अजून विसरलेलो नाही.

"बाबा शनिवारी येतायत," ती म्हणाली. "त्याच्या आत पाय काढा."

खुर्ची डोक्यावर घेऊन मी वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या वेतकाकांच्या दुकानात गेलो, तो असा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारातच पाण्याचं मोठं घमेलं, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. भिंतीला पाठ लावून बसायला एक बुटकं स्टूल, आणि चहूकडे खुर्च्या. कुणाला पाठ नाही, कुणाला बूड नाही. दवाखान्यात रांगेला बसलेल्या पेशंटांसारख्या. काका स्वतः रुंद खांद्यांचे, बारीक मिशीचे, आणि एकंदरीत जगावर नाराज. त्यांनी खुर्चीतल्या भोकाकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे पाहिलं.

"कुणाची?"

"सासऱ्यांची."

"कळलेलं नाही ना त्यांना?"

"नाही."

"मग बसा, जावईबापू," ते म्हणाले, आणि त्या क्षणापासून मी आजतागायत त्यांचा जावईबापू आहे.

मला वाटलं, आता हा माणूस कामाला लागेल. पण त्यांनी खिशातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. खुर्ची हळूहळू फिरवली आणि जिथे जिथे जुनी मोडतोड दिसेल तिथे तिथे दोऱ्याचा तुकडा बांधत गेले. "ही चीर जुनी. बघा नीट. हा मागचा पाय आधीपासून हलतो. हे हाताचं टोक कुत्र्यानं चावलंय, तेही जुनं. आणि हे मधलं भगदाड तुमचं." प्रत्येक दोऱ्याला ते माझी मान डोलेपर्यंत थांबायचे. आलेल्या प्रत्येक खुर्चीचं ते असंच करत. गिऱ्हाइकासमोर, काम हातात घ्यायच्या आधी. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "जुनं आपण होऊन सांगून टाकावं. मग नव्याबद्दल कुणी आपल्याला खोटं पाडत नाही."

किती शहाणा माणूस, असं मला वाटलं. माझं हे असं वाटणं बहुधा चुकतं.

खुर्ची शनिवारच्या आत झाली. सासरे येऊन तिच्यावर बसले, म्हणाले, "हल्ली जरा घट्ट लागते," आणि विषय संपला. मी मात्र काकांकडे जात राहिलो. त्यांना विणताना बघणं हा एक नाद होता. ओली पट्टी भोकातून वर घ्यायची, उजव्या हातानं कानापर्यंत खेचायची, खुंटी ठोकून अडकवायची, की पुढचं भोक. खेचताना ते दर वेळी "हं" म्हणायचे. काकू आतल्या खोलीतून म्हणायच्या, "हं म्हटल्याशिवाय वेत ऐकत नाही का?" काका म्हणायचे, "तू ऐकतेस का?" संसार असा मजेत चालला होता.

मग ते शटर पडलं.

गावात फर्निचरचं एक मोठं थोरलं दुकान होतं. काका त्यांच्या चार खुर्च्या विणून पोचवायला गेले होते. मागच्या दाराला बटणावर चालणारं लोखंडी शटर. काका खुर्ची खांद्यावर घेऊन आत शिरत होते, आणि ते शटर वरून सुटून सरळ त्यांच्या उजव्या खांद्यावर आलं. शटर बिघडलंय, हे दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते सगळे पुढच्या दारानं येत-जात. काकांना कुणी सांगितलं नव्हतं.

खांद्यातल्या शिरा तुटल्या. हात छातीच्या वर जाईना. वेत कानापर्यंत खेचायचा म्हणजे हात कानापर्यंत जायला हवा, आणि आता काकांचा हात फार तर शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचत होता. काकांनी भरपाई मागितली. दुकानाचा विमा होता, आणि विमा कंपनीनं चौकशीला एक साहेब पाठवले.

त्यांचं नाव काकूंनी पुढे लोणीसाहेब ठेवलं. गोल चेहरा, मऊ आवाज, इस्त्रीचा शर्ट. दुकानातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीत ते बसले. काकूंच्या चहाची स्तुती केली. काकांचा दुखरा हात दोन्ही हातांत घेतला आणि कळवळून विचारलं, "काका, खांद्याला आधी काही त्रास होता का हो?"

कुठल्याही शहाण्या माणसानं इथे "छे!" म्हटलं असतं. काकांनी मात्र जन्मभराच्या सवयीनं स्वतःच्या अंगाला लाल दोरे बांधायला सुरुवात केली. "खांदा काय, जुनाच. थंडीत दुखतो. एकाच हातानं खेचायचं काम ना आमचं. झीज झालीय असं डॉक्टर म्हणाले होते. मानही धरते कधीकधी. आणि डावा गुडघा लिहून घ्या हवा तर."

लोणीसाहेबांनी गुडघाही लिहून घेतला.

पुढे कंपनीचं उत्तर आलं. दावेदाराचा खांदा पूर्वीपासून झिजलेला असल्याचं त्यांनी स्वतःच मान्य केलं आहे, सध्याचा त्रास हा त्या जुन्या दुखण्याचाच भाग आहे, सबब शटरशी त्याचा संबंध नाही. तसेच मान. तसेच डावा गुडघा.

काकूंचा जीव त्या गुडघ्यात अडकला. "गुडघ्याचं काय काम होतं मी म्हणते! शटर काय गुडघ्यावर पडलं? त्या मेल्याला आधी कान दुखायचा ते सांगितलं नाहीत का? दाढ किडली होती ते?"

 काकांनी तोच कागद पुन्हा पुन्हा वाचून घेतला. आणि मग त्यांनी डूख धरला. डूख धरणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, आमच्या घरातही आहेत. पण ती आपली कामधंदा सांभाळून डूख धरतात. काकांना कामच उरलं नव्हतं, त्यामुळे ते पूर्णवेळ यात उतरले.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी एक खुर्ची डाव्या हातात घेऊन निघायचे आणि विमा कंपनीच्या कचेरीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानाच्या कट्ट्याला खुर्ची लावून बसायचे. घोषणा नाही, पाटी नाही. नुसतं बसायचं आणि कचेरीच्या दाराकडे बघायचं. लोणीसाहेब स्कूटरवरून आले की काका उभे राहून डाव्या हातानं नमस्कार करायचे. "साहेब, खांदा आजही जुनाच आहे बरं का!"

पहिल्यांदा साहेब हसले. मग हसेनासे झाले. मग स्कूटर लांब लावून दुसऱ्या बाजूनं यायला लागले. काकांनी खुर्ची तिरकी केली.

मी एकदा त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. "काका, ह्यानं काय होणार?"

"त्याचं जेवण पचत नाही असं झेरॉक्सवाला म्हणतो."

"अहो, पण तुमच्या खांद्याचं काय?"

"खांद्याचं वकीलबाई बघतायत. तारीख पडलीय. मी ह्याचं बघतो." तेवढ्यात साहेब स्कूटरवरून उतरले आणि उतरताना क्षणभर कमरेवर हात ठेवून थांबले. काकांचे डोळे चमकले. "बघितलंत? कंबर धरतो. रोज धरतो. जुनी आहे." पसरलेल्या हातावर कुणीतरी पेढा ठेवावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

मधल्या काळात कंपनीनं निरोप पाठवला, की दावा मागे घ्या, माणुसकी म्हणून थोडं काही देतो, पण शटरमुळे खांदा गेला असं आम्ही म्हणणार नाही. काकूंना ते पटलं होतं. घर त्यांच्या शिलाईवर चाललं होतं, आणि आतल्या खोलीतलं मशीन सकाळपासून थांबत नव्हतं.

"घ्या हो," त्या म्हणाल्या. "म्हणेनात का काहीही. त्यांच्या म्हणण्यानं खांदा बदलणार आहे का?"

"पैसे मलाही हवेत," काका म्हणाले. "पण मी खोटारडा म्हणून नकोत. मी त्याला सगळं खरं सांगितलं, आणि त्यानं त्याचीच दोरी करून माझ्या गळ्यात घातली. शटरनं माझा हात नेला, हे त्याच्या तोंडून बाहेर पडलं पाहिजे. त्याच्याच."

"आणि नाही पडलं तर?"

"तर मी बसलोय."

काकू मशीनकडे वळल्या. "तुमचं बसणं मोठं. खुर्च्या काय कमी आहेत घरात!"

आणि मग ती पाण्याची गाडी मागे आली.

मी तिथे नव्हतो. झेरॉक्सवाल्याकडून ऐकलेलं सांगतो, आणि तोही तेव्हा मशीनकडे तोंड करून उभा होता. पाण्याच्या बाटल्या पोचवणारी एक छोटी गाडी मागे न बघता मागे येत होती, आणि लोणीसाहेब स्कूटर स्टँडवर चढवत होते. गाडीनं स्कूटर ढकलली, स्कूटरनं साहेबांना ढकललं, आणि साहेब पायरीच्या कडेवर कमरेवर पडले. प्रत्यक्ष बघणारा माणूस एकच होता. महिनोन्महिने तो दुसरं काही बघतच नव्हता.

काका धावले. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. ड्रायव्हरला त्यांनी अशी हाक मारली, की गाडी जागच्या जागी थांबली. साहेबांच्या डोक्याखाली डावा हात घातला, पाणी मागवलं, रिक्षा थांबवायला लावली. आणि सगळं झाल्यावर, साहेब कण्हत असताना, खाली वाकून अगदी मऊ आवाजात विचारलं, "साहेब, कमरेला आधी काही त्रास होता का हो?"

झेरॉक्सवाला म्हणतो, रिक्षात घालेपर्यंत साहेबांनी डोळे उघडले नाहीत.

गाडीचाही विमा होता. वेगळ्या कंपनीचा. त्या कंपनीनंही चौकशीला एक साहेब पाठवले, त्यांचाही आवाज मऊच असणार. त्यांनी लोणीसाहेबांचे जुने एक्सरे शोधून काढले आणि कळवलं, की मणका पूर्वीपासूनच सरकलेला आहे, सबब आमचा संबंध नाही.

हे ऐकलं त्या दिवशी काकांनी मला मुद्दाम बोलावून चहा पाजला. "जावईबापू, बिस्कीट घ्या. आणखी घ्या." असं प्रसन्न त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं "हं" सुद्धा परत आलं होतं. बिस्कीट बुडवताना म्हणायचे.

थोड्या दिवसांनी मी दुकानात बसलेलो असताना लोणीसाहेब स्वतः दारात आले. कमरेला पट्टा, हातात काठी, इस्त्री गेलेली. दारातल्या घमेल्याला वळसा घालून आत यायलाच त्यांना वेळ लागला. काकांनी चांगल्या खुर्चीकडे नाही, बुटक्या स्टुलाकडे बोट केलं. ते बघून साहेब उभेच राहिले. काकू आतून आल्या, आणि त्यांनी पाणी दिलं. चहा नाही. नुसतं पाणी, तेही अर्धा पेला.

"काका," साहेब म्हणाले, "मी त्या गाडीवाल्यांवर दावा लावलाय, पण मला साक्षीदार नाही. तुम्ही बघितलंत सगळं."

"बघितलं."

"तुम्ही मला रोज बघत होतात. मी आधी नीट चालायचो, एवढं सांगाल?"

"नीट कुठे? स्कूटरवरून उतरताना कंबर धरायचात."

साहेबांचा चेहरा उतरला. काकांनी तो पुरता उतरू दिला. मग म्हणाले, "पण जिना चढायचात. रोज. बॅग घेऊन, कठडा न धरता. गाडीनं पाडलं त्या सकाळपर्यंत चढायचात. मी सांगितलं तर दोन्ही सांगीन. अर्धं सांगायची पद्धत आमच्याकडे नाही."

"चालेल. दोन्ही सांगा."

"आणि तुम्ही काय सांगाल तिथे?"

"हेच," साहेब म्हणाले. बिचाऱ्यांना बोलायला माणूस मिळाला होता, ते पोटतिडकीनं बोलायला लागले. "की हो, माझी कंबर आधी दुखायची, मी कुठे नाही म्हणतो? पण मी काम करत होतो ना? कंबर दुखत असेना का, मी माझ्या पायावर उभा होतो. आडवा झालो तो त्या धक्क्यानं. माणूस अगदी धडधाकट नव्हता म्हणून त्याला पाडायची मुभा असते का कुणाला? जसा असेल तशा माणसाला तुम्ही धक्का दिलात, तर त्या धक्क्यानं जे झालं ते तुम्हीच भरून द्यायला हवं!"

आतलं मशीन थांबलं होतं. 

"हे असंच बोलाल?" काकांनी शांतपणे विचारलं. "शब्द न शब्द?"

"असंच बोलणार."

"मग येतो."

मला भरून आलं. मी असा आहे. वैऱ्यासाठी साक्ष द्यायला निघालेला हा माणूस, आणि आपण त्याला खुनशी समजत होतो! सुनावणीला मी मुद्दाम रजा काढून गेलो. काका पिंजऱ्यात उभे राहिले. कंबर धरणं सांगितलं, जिना चढणं सांगितलं, गाडी सांगितली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. लोणीसाहेब तर त्या दिवशी वक्तेच झाले. दुकानात बोलले होते ते सगळं बोलले, वर थोडं जास्तच. निकाल त्यांच्या बाजूनं लागला. डोळे पुसत मी काकांना शोधायला बाहेर आलो, तर काका कुठे? तळमजल्यावर, सही-शिक्क्याच्या नकला मिळतात त्या खिडकीपुढच्या रांगेत.

"काका, इथे काय करताय?"

"साहेबांच्या जबानीची नक्कल घेतोय."

"कशाला?"

"लोणच्याला," काका म्हणाले आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकले.

माझे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

काकांच्या स्वतःच्या दाव्याची तारीख आली, तेव्हा कंपनीतर्फे चौकशी अधिकारी म्हणून लोणीसाहेबांनाच उभं राहावं लागलं. न्यायाधीश सर्दीनं बेजार होते, रुमाल सोडत नव्हते. कंपनीच्या वकिलानं खांदा, मान आणि गुडघा ओळीनं वाचून दाखवले. मग आमच्या वकीलबाई उठल्या. ठेंगण्या, चष्म्याच्या, आवाज चिरका. त्यांनी ती नक्कल काढली आणि साहेबांच्या हातात दिली.

"ही सही तुमची?"

"हो."

"जरा वाचून दाखवता? मोठ्यानं."

साहेबांनी वाचलं. माणूस अगदी धडधाकट नव्हता म्हणून त्याला पाडायची मुभा असते का कुणाला, इथपर्यंत आल्यावर ते थांबले. पाणी प्याले. पुढचं वाचलं.

"हे तुम्हाला खरं वाटतं?"

"ती केस वेगळी होती."

"वेगळी कशी? तिथे कंबर, इथे खांदा. बरं, तुम्ही चौकशी केलीत. शटर पडलं त्या दिवशी सकाळपर्यंत हे गृहस्थ काम करत होते का?"

साहेबांनी कंपनीच्या वकिलाकडे पाहिलं. वकील फायलीत काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होता.

"करत होते."

"आणि शटर पडल्यानंतर?"

"नाही."

"म्हणजे कशामुळे काम थांबलं?"

 न्यायाधीशांनी रुमाल खाली घेतला.

"शटरमुळे," साहेब म्हणाले.

काका बाकावरून उठले. "जरा मोठ्यानं, साहेब. मला या बाजूनं कमी ऐकू येतं. कान जुना आहे."

वकीलबाईंनी त्यांचा सदरा ओढून खाली बसवलं, न्यायाधीशांनी ताकीद दिली. पण लोणीसाहेबांनी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. मान खाली घालून. काका ते ऐकत होते, तेव्हा त्यांचा चेहरा काही क्षमाशील वगैरे नव्हता. फार दिवस उपाशी ठेवलेल्या माणसाला ताट मिळावं आणि त्यानं एकही शीत सांडू देऊ नये, तसं त्यांनी ते ऐकलं.

निकालात न्यायाधीशांनी जुन्या झिजेचा वाटा वेगळा काढला आणि भरपाईतून तेवढा कापला. मला वाटलं, काका चिडतील. पण त्यावर ते म्हणाले, "बरोबर. तो माझा. उरलेला त्यांचा." ऑपरेशन झालं. हात आता गळ्यापर्यंत जातो. कानापर्यंत जात नाही, आणि डॉक्टर म्हणतात की जाणारही नाही. काका पट्टी भोकातून वर काढून देतात आणि काकू खेचतात. काकू "हं" म्हणत नाहीत, दुसरंच काहीतरी पुटपुटतात.

लोणीसाहेबांना कंपनीनं चौकशीच्या कामावरून काढून मागच्या खोलीत फायली लावायला बसवलं. परवा ते मला रस्त्यात भेटले. काठी अजून आहे. म्हणाले, "एकदा काकांची माफी मागायचीय. मला झोप लागत नाही. तुम्ही शब्द टाकाल का?"

मी तसाच दुकानात गेलो. काका घमेल्यातल्या पट्ट्या डाव्या हातानं उलटत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या पदरचं थोडं घालून. मग म्हणालो, "काका, तुम्ही जिंकलात. त्याच्याच तोंडून वदवलंत. त्याची नोकरी गेल्यातच जमा आहे. आता एकदा त्याला माफ करून टाका, म्हणजे तुमच्याही मनावरचं ओझं उतरेल."

काकांनी पट्टी पाण्यातून काढली, निथळली आणि माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, मनाला माझ्या काही झालेलं नाही, दुखतो तो खांदा."